आठ पोर्टचा मॅनेज्ड स्विच, चार व्हीलॅन: काही महिने वापरल्यानंतर

छोट्या ऑफिसच्या नेटवर्कमध्ये हा आठ पोर्टचा गिगाबिट स्विच काही महिने चोवीस तास चालू आहे. पंखा नाही, त्यामुळे आवाज नाही. अंग कोमट राहतं, एवढंच. हार्डवेअरबद्दल यापुढे लिहिण्यासारखं काही नाही. घेतला तो व्हीलॅनसाठी, म्हणजे एकाच स्विचवर एकमेकांपासून वेगळी नेटवर्क करण्यासाठी, तेव्हा बोलायचं त्याबद्दलच.

मांडणी साधी आहे. १० मध्ये कामाचे कॉम्प्युटर, २० मध्ये कॅमेरे, ३० मध्ये पाहुण्यांचं वायफाय आणि ९९ मध्ये स्विच-राउटरची देखभाल. ८०२.१क्यू टॅग म्हणजे फ्रेमवर (डेटाच्या पाकिटावर) लागणारी व्हीलॅनची खूण. तिच्यात व्हीलॅन नंबरसाठी १२ बिट असतात, म्हणून १ ते ४०९४ यातला कुठलाही नंबर चालतो. ० आणि ४०९५ राखीव. मी नंबर आयपी पत्त्याशी जुळवून ठेवलेत. १९२.१६८.२०.११ दिसला की तो कॅमेरा, टिपणवही उघडावी लागत नाही.

पहिल्या पोर्टवर राउटर, तिथे सगळे व्हीलॅन टॅग्ड, म्हणजे फ्रेम टॅगसकट जातात. दुसऱ्यावर अॅक्सेस पॉइंट: ९९ अनटॅग्ड, १० आणि ३० टॅग्ड, म्हणजे एकाच केबलवरून दोन वायफाय नावं निघतात. बाकीच्या पोर्टवर एकेकच व्हीलॅन, अनटॅग्ड.

आता खरी तक्रार. या स्विचच्या वेब पानावर पोर्ट कुठल्या व्हीलॅनचा सदस्य आहे ते एका ठिकाणी ठरतं आणि त्याचा पीव्हीआयडी दुसऱ्याच ठिकाणी. कॅमेऱ्याचा पोर्ट २० मध्ये अनटॅग्ड केला, तरी पीव्हीआयडी आपोआप बदलत नाही, १ वरच राहतो. सदस्यत्व ठरवतं की पोर्टमधून बाहेर काय जाईल. आत येणारी टॅग नसलेली फ्रेम कुठल्या व्हीलॅनमध्ये पडेल ते पीव्हीआयडी ठरवतो. दोन्ही जुळले नाहीत तर कॅमेऱ्याची डीएचसीपी विनंती (आपोआप आयपी पत्ता मागणारी) व्हीलॅन १ मध्ये जाते आणि पुढचा प्रकार मजेशीर असतो. पोर्ट व्हीलॅन १ मधून काढलेला असेल तर उत्तर परत पोचत नाही: दिवा हिरवा, केबल ठीक, पण पत्ता नाही, किंवा कॅमेऱ्याने स्वतःच घेतलेला, १६९.२५४ ने सुरू होणारा. काढलेला नसेल आणि १ मध्ये डीएचसीपी चालू असेल, तर पत्ता मिळतो, कॅमेरा चालतो, फक्त भलत्याच नेटवर्कमध्ये. हा दुसरा प्रकार जास्त वाईट, कारण सगळं सुरळीत दिसतं. एका टेबलात पोर्ट, सदस्यत्व, पीव्हीआयडी शेजारी शेजारी दाखवायला काय हरकत होती, कळत नाही.

'सेव्ह' वेगळं करावं लागतं यावर बरेच जण चिडतात. मला ती सोय वाटते. बदल लगेच लागू होतो, पण सेव्ह केल्याशिवाय रीस्टार्टनंतर टिकत नाही. मॅनेजमेंट, म्हणजे स्विचचं लॉगिन पान, व्हीलॅन १ वरून ९९ वर नेताना याचा फार आधार वाटला. आधी आठवा पोर्ट ९९ मध्ये अनटॅग्ड, पीव्हीआयडी ९९, लॅपटॉपला त्याच रेंजमधला पत्ता, मगच मॅनेजमेंट व्हीलॅन बदलायचा. पान परत उघडलं की सेव्ह. नाही उघडलं तर प्लग काढून लावायचा, जुनी सेटिंग हजर. ही मॅनेजमेंट व्हीलॅनची सोय आहे का, हे विकत घेण्याआधी नक्की बघा. स्वस्तातल्या काही स्विचमध्ये ती नसते आणि लॉगिनचं पान कुठल्याही व्हीलॅनमधून उघडतं. मग पाहुण्यांचं वायफाय वेगळं काढून काय मिळवलं?

स्विचचं काम वेगळं करणं, तेवढंच. १० मधून २० मधले कॅमेरे बघता यावेत, पण कॅमेऱ्यांनी उलट १० मध्ये डोकावू नये, हा नियम राउटरच्या फायरवॉलवर लिहावा लागतो. राउटरला व्हीलॅन कळत नसेल तर या स्विचचा अर्धा उपयोग वाया. शिवाय दोन व्हीलॅनमधली प्रत्येक फाइल राउटरमधून फिरून येते आणि वेग त्याच्या प्रोसेसरवर अडतो. म्हणून फाइल सर्व्हर मी १० मध्येच ठेवलाय. ती रहदारी स्विचमध्येच राहते आणि पूर्ण गिगाबिट वेग मिळतो.

प्रिंटरने मात्र छळलं. तो वेगळ्या व्हीलॅनमध्ये टाकला की फोनच्या यादीतून गायब होतो, कारण शोधायला वापरला जाणारा एमडीएनएस त्या व्हीलॅनबाहेर जात नाही. राउटरवर एमडीएनएस रिपीटर चालू केला की दिसतो, पण एका प्रिंटरसाठी इतका खटाटोप नको म्हणून तोही १० मध्येच आणला.

टेबलाखाली साधा अनमॅनेज्ड स्विच जोडायचा असेल तर एकाच व्हीलॅनच्या अनटॅग्ड पोर्टवर जोडा. त्याच्यापुढचं सगळं त्याच व्हीलॅनमध्ये जातं, कटकट नाही. ट्रंकवर, म्हणजे अनेक व्हीलॅन टॅग्ड नेणाऱ्या पोर्टवर, लावू नका. व्हॉइस व्हीलॅनचं पानही यात आहे, पण आयपी फोन नसल्याने ते मी उघडलेलं नाही.