मामांना ट्रान्झिस्टर की अ‍ॅप?
नाशिकच्या सिडकोतल्या मामांचा जुना ट्रान्झिस्टर बोलेनासा झाला आणि घरात दोन तट पडले. मामी म्हणतात नवा संच आणा. मामेभाऊ म्हणतो मोबाइलवर रेडिओचं अ‍ॅप आहे, पैसे कशाला घालवता?

खर्चात अ‍ॅप जिंकतं, पण दिवसभर चालू ठेवलं की डेटा आणि बॅटरी दोन्ही झिजतात. छोट्या संचाला दोन पेन्सिल सेल पुरतात, लाइट गेली तरी तो बोलतोच. पडला तरी सहसा अँटेनाच मोडते. माझी दोनदा मोडलीय.

खरा वाद ऐकू काय येतं याचा. आकाशवाणी नाशिकचं 101.4 मामांकडे स्वच्छ लागतं. पण एफएमच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात, डोंगराआड गेलात की खरखर. मीडियम वेव्ह या रेडिओच्या जुन्या पट्ट्याचं उलट: रात्री आयनांबराचा, म्हणजे वातावरणातल्या वरच्या विद्युतभारित भागाचा, खालचा थर विरला की लांबची केंद्रं आत येतात. संच खिडकीत ठेवायचा, शेजारचा एलईडी दिवा बंद करायचा, संच जरासा फिरवायचा, कारण आतली फेराइटची कांडी, म्हणजे मीडियम वेव्हची अँटेना, दिशा धरते. असा एखादा आवाज हाती लागला की झोप उडते! अ‍ॅपमध्ये ही गंमत नाही.

अ‍ॅपवर परगावची केंद्रं बिनखरखरीची मिळतात, मात्र काही सेकंद उशिरा. मामा तर बातम्यांच्या ठोक्यावर घड्याळ लावतात.

त्यांना मीडियम वेव्ह असलेला, गोल बटणाचा संचच घ्यावा. पुण्या-मुंबईत राहून नाशिक केंद्र ऐकायचंय, त्यांनी अ‍ॅप घ्यावं.