औसा रोडवरचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान: नवं कार्ड न घेता आवाज परत आला

आमच्या भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग मी घरच्या पीसीवर करतो. दोन माईक, एक यूएसबी ऑडिओ इंटरफेस (माईक पीसीला जोडायची डबी), पेटी आणि पखवाज. विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, म्हणून विंडोज ११ टाकून घेतलं. त्यानंतर स्पीकर मुके झाले आणि रेकॉर्डिंगमध्ये हरिपाठाच्या जागी नुसती घरघर. लातुरातल्याच एका दुकानात पीसी न उघडता 'साउंड गेलंय, नवीन कार्ड बसवा' असं सांगून मोकळे झाले.

औसा रोडवरच्या या दुकानातल्या पोरानं मात्र कार्डाचा विषयच काढला नाही. "काका, आवाज बंद नाही, दुसरीकडं चाललाय. कुठं चाललाय ते बघू आधी."

माझ्या पीसीत आवाजाच्या तीन वाटा निघाल्या. एक मदरबोर्डवरची, दुसरी ग्राफिक्स कार्डातून एचडीएमआयच्या वायरीनं मॉनिटरला जाणारी, तिसरी इंटरफेसची. अपग्रेडनंतर आवाज मॉनिटरकडं वळला होता, आणि माझ्या मॉनिटरला स्पीकरच नाहीत! रेकॉर्डिंगला मदरबोर्डचं माईकचं रिकामं भोक निवडलं गेलं होतं, घरघर तिथली.

हे त्यानं शोधलं कसं, ते बघण्यासारखं होतं. साउंडच्या सेटिंगमधला रेकॉर्डिंगचा टॅब उघडला, माझा माईक हातात घेतला आणि जाळीवर नखानं टकटक करत राहिला. कुठल्या नावापुढची हिरवी पट्टी उड्या मारतेय ते मला दाखवलं. पट्टी हलली ते आपलं, बाकीचं बाजूला. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे पीसीतल्या भागांच्या यादीत जाऊन एचडीएमआयचं साउंड डिसेबल केलं. अनइन्स्टॉल का नाही, विचारलं. तर म्हणाला, काढून टाकलं की पीसी चालू करताना विंडोज ते पुन्हा शोधून बसवतं, डिसेबल केलेलं गप बसतं. इंटरफेस डिफॉल्ट केला, म्हणजे आवाज आपोआप त्याच वाटेनं जाईल असं केलं, कम्युनिकेशनसाठी, म्हणजे कॉलसाठीही तोच ठेवला, कारण या दोन निवडी वेगवेगळ्या असतात. शेवटी इंटरफेस आणि रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर, दोन्हीकडं सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे तो आकडा) सारखाच, ४८,००० हर्ट्झ केला. पखवाजाच्या थापेला मध्येच येणारी कचकच त्यानं गेली. पीसी बंद-चालू करून, हेडफोन माझ्या कानाला लावून, मी हो म्हटल्यावरच त्यानं वायरी गुंडाळल्या.

घेतले ३५० रुपये. नवीन कार्ड माझ्या गळ्यात मारणं त्याला काही अवघड नव्हतं, मला त्यातलं कळत नाही हे त्याला दिसत होतं. म्हणून हे इतकं सविस्तर लिहितोय.

दुकान अगदी चिंचोळं आहे. गाडी रस्त्यावरच लावावी लागते, संध्याकाळी कॉलेजच्या पोरांची गर्दी असते. काय काय बदललं ते कागदावर लिहून द्यायला हवं, मला ते मागून घ्यावं लागलं.

आवाजाची तक्रार असेल तर तिथं नुसता सीपीयू नेऊ नका. मॉनिटर, त्याची वायर, माईक, सगळं रिक्षात घालून न्या. दुकानातल्या मॉनिटरला स्पीकर असले तर तिथं आवाज येईल आणि घरी आल्यावर पुन्हा बंद.