टर्बो चालू की बंद?

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी, जिनिंगशेजारच्या खोलीत भरणाऱ्या संगणक वर्गात एक ४८६ प्रोसेसरचा संगणक होता; त्याचे टर्बोचे, म्हणजे वेग बदलण्याचे, बटण दाबले की शेजारच्या हिरव्या आकड्यांत ३३ चे ६६ होत.

टर्बो चालू असताना प्रोसेसर पूर्ण वेगाने चाले आणि कापसाच्या हिशेबाचे तक्ते बघता बघता पुरे होत. बंद केल्यावर यंत्र मुद्दाम मंदावे, कुठे क्लॉकचा, म्हणजे प्रोसेसरच्या कामाची लय ठरवणाऱ्या ठोक्यांचा, वेग उतरवून, तर कुठे प्रोसेसरच्या हाताशी असलेली जलद कॅश मेमरी बंद करून. या मंदावण्याला सबळ कारण होते: १९८१ च्या आयबीएम पीसीतला ८०८८ प्रोसेसर ४.७७ मेगाहर्ट्झवर चाले, आणि त्या काळच्या कित्येक खेळांची गती त्याच वेगावर बेतलेली असल्यामुळे नव्या यंत्रावर ते इतके सुसाट सुटत, की कळफलकावर बोट टेकण्याआधीच डाव संपे. हिरवे आकडे मात्र वेग मोजत नसत. ते जंपर, म्हणजे पिना जोडणारे छोटे तुकडे, लावून आधीच ठरवलेले असत.

रोजच्या कामाला टर्बो चालूच ठेवावा, हे उघड होते. तरीही माझ्या मते हे बटण बसवले गेले ते बंद स्थितीसाठीच, कारण जुन्या प्रोग्रामांना नव्या यंत्रावर जागा तिनेच दिली.