आईबाबांच्या मेंदूसाठी काय बरं: पुस्तक की ब्रेन ट्रेनिंगचं ॲप?

घरातलं कोणी साठीनंतर नावं विसरायला लागलं की मुलं काळजीपोटी त्यांच्या फोनवर ब्रेन ट्रेनिंगचं ॲप टाकून देतात, वर्षाचे पैसे भरून. पैसे भरायच्या आधी थोडं थांबा, कारण पुरावा दोन्हीकडे आहे पण एकाच प्रकारचा नाही.

वाचनाचं बघू. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये 75 च्या पुढच्या 469 जणांवर बरीच वर्षं लक्ष ठेवलं होतं, 2003 ला निकाल आला, जे वाचायचे, पटावरचे खेळ खेळायचे, वाद्य वाजवायचे किंवा नाचायचे त्यांच्यात डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंशाचा आजार, कमी दिसला. गोम एवढीच की मेंदू थकायला लागला की वाचन आपोआप सुटतं, मग वाचनाने मेंदू टिकला की मेंदू टिकला म्हणून वाचन टिकलं हे यातून ठरवता येत नाही.

ट्रेनिंगचा पुरावा इथे वरचढ आहे हे मान्य करायलाच हवं. अमेरिकेतल्या ॲक्टिव्ह नावाच्या ट्रायलमध्ये 65 च्या पुढच्या 2,832 लोकांना चिठ्ठ्या टाकून वाटावं तसं गटांत वाटलं, कोणाला स्मरणशक्तीचा सराव, कोणाला तर्काचा, कोणाला वेगाचा, साधारण तासाभराच्या 10 बैठका. 10 वर्षांनी तर्क आणि वेगवाल्यांचा आपापल्या सरावातला फायदा टिकून होता, स्मरणशक्तीवाल्यांचा नव्हता, आणि जाहिरातीत मात्र मेमरीच पुढे असते! वेगाच्या गटात डिमेन्शियाचा धोका 29 टक्के कमी निघाला, हे 2017 ला छापून आलं. वेगाच्या या सरावात स्क्रीनच्या मधली वस्तू ओळखायची आणि त्याच क्षणी कडेला काय कुठे चमकलं तेही सांगायचं. ॲप घ्यायचंच असेल तर हा व्यायाम त्यात आहे का ते बघा.

बाकी खेळांचं काय? 2010 ला 11,430 लोकांनी सहा आठवडे असे खेळ खेळले, खेळात तरबेज झाले, बाकी कशात फरक नाही. लुमोसिटी या ब्रेन ट्रेनिंग ॲपच्या कंपनीने तर पुराव्याशिवाय दावे केल्याच्या प्रकरणात 2016 ला अमेरिकेत 20 लाख डॉलर भरले. आणि विसरभोळेपणा सुरू झालेल्या 107 जणांच्या 2022 च्या ट्रायलमध्ये कॉम्प्युटरवर शब्दकोडी सोडवणारे गेमवाल्यांपेक्षा सरस ठरले.

मला विचाराल तर ज्यांना वाचायची सवय आहे त्यांना ॲप नको, वाचनालयाची वर्गणी भरा, रोजचं शब्दकोडं सुरू करा, आणि वाचलेलं ते कोणाला तरी सांगतील असं बघा, नुसती पानं उलटण्यापेक्षा ते मला जास्त मोलाचं वाटतं. वाचनाचा कंटाळा असेल आणि स्क्रीन आवडत असेल तर वेगाचा व्यायाम द्या. पण दोन्हीच्या आधी मोतीबिंदू आणि कान तपासून घ्या, लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या 2024 च्या अहवालात डिमेन्शियाची जी 14 कारणं टाळण्याजोगी म्हणून दिलीत त्यात कमी ऐकू येणं आणि उपचार न केलेली कमी नजर दोन्ही आहेत. आणि ओळखीच्या रस्त्यावर चुकणं, हिशोबात गोंधळ असं व्हायला लागलं असेल तर पुस्तक की ॲप हा विचार बाजूला ठेवून सरळ न्यूरोलॉजिस्टची अपॉइंटमेंट घ्या.