खवट फल्लीदाणे आणि 155 रुपये 40 पैसे: आठ महिन्यांत चारदा जेवल्यावर

नागपूरच्या धरमपेठेतल्या त्या मलेशियन रेस्टॉरंटचं नाव लिहीत नाही. जे गेलेत त्यांना कळेल, जे नाही गेले त्यांचं काही अडलेलं नाही. नोव्हेंबर 2024 ते जून, मी तिथे चारदा जेवलो. रविवारी आईला घेऊन गेलो आणि बिलावरून वीस मिनिटं भांडून आलो, म्हणून लिहितोय.

पण भांडण नंतर. आधी दाणे.

नासी लेमाकच्या ताटात नारळाच्या दुधातला भात मऊ, उकडलेलं अंडं मऊ, सांबाल म्हणजे मिरचीची चटणी, तीही ओली. दाताखाली कुरकुर वाजायला दोनच गोष्टी: तळलेले बारके सुके मासे आणि फल्लीदाणे. मासे इथे पहिल्या दिवसापासून नाहीत. 'कस्टमर लोग वास को डरते' म्हणे. ठीक आहे. मग उरले दाणे, आणि तेच खवट! एक खवट दाणा तोंडात आला की पुढचे चार घास त्याचेच. विदर्भातल्या माणसाला फल्लीदाण्यात फसवता येत नाही हो, आमचं अर्धं बालपण खिशात दाणे घेऊन गेलं.

मार्चमध्ये पहिल्यांदा जाणवलं तेव्हा वेटरला दाखवले. तो शांतपणे म्हणाला, "सर, मलेशियन में ऐसाच आता है."

ऐसाच नाही येत, भाऊ. भारतीयांना 1 डिसेंबर 2023 पासून तिकडे व्हिसा लागेनासा झाला, त्यानंतर आम्ही पेनांगला जाऊन आलो. जॉर्ज टाउनमध्ये सकाळी गाड्यावर केळीच्या पानात बांधलेला मूठभर नासी लेमाक मिळायचा, तीन रिंगिटला, म्हणजे पन्नास-पंचावन्न रुपयांत. त्यातले दाणे भाजून तासही झाला नसेल. इथे तोच 380 रुपयांना, आणि दाणे बहुधा दिवाळीचे.

अन्याय नको म्हणून सांगतो, पहिल्या वेळेस मी खूश होतो. भातातला पांदानच्या पानाचा वास खरा होता. काउंटरवरचा पोरगा एका मगातून दुसऱ्यात हातभर उंचीवरून 'ते तारिक', म्हणजे त्यांचा दुधाचा चहा, ओढायचा, वर बोटभर फेस. ऑफिसात मीच सगळ्यांना जा म्हणून सांगितलं. जानेवारीत सांबालऐवजी शेजवान चटणी आली. बेलाचान म्हणजे कोळंबीचा आंबवलेला गोळा, त्याशिवाय ते सांबाल कसलं? सुके झिंगे खाणारी घरं नागपुरात कमी आहेत का, की वासाला घाबरावं? मार्चचं सांगितलंच. तरी मी उन्हाळ्याला दोष दिला, उघड्या डब्यात दाणे लवकर खवटतात म्हणून.

रविवारी मात्र साटेवर, म्हणजे काडीला लावून भाजलेल्या मांसावर, ओततात ती दाण्यांची चटणीही खवट निघाली. म्हणजे पोतंच जुनं. आईने एक काडी चाखली आणि ताट माझ्याकडे सरकवलं. "खवट आहे रे, पोट बिघडंल." रोटी चनाई तिच्यासाठी मागवली होती; मलेशियात ती तमिळ मुसलमानांच्या टपऱ्यांवर तव्यावरून थेट ताटलीत येते, सोबत गरम डाळ. इथे डाळ आधी आली, रोटी चाळीस मिनिटांनी. तोवर डाळीवर साय धरली होती. तीनदा हाक मारली. शेजारच्या टेबलावर वाढदिवसाचा केक चालू होता, सगळे वेटर तिकडे टाळ्या वाजवून राहिले होते.

मग बिल. जेवण 1,480, त्यावर सर्व्हिस चार्ज 148, आणि या दोन्हींच्या बेरजेवर 5 टक्के जीएसटी. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 4 जुलै 2022 लाच सांगितलंय की हा चार्ज आपोआप बिलात लावायचा नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये ते कायम ठेवलं. मॅनेजर म्हणाला, कॉम्प्युटरमधून निघत नाही. मी तिथेच 1915, म्हणजे ग्राहक हेल्पलाइनचा नंबर, फिरवायला घेतला तसा चार्ज कॉम्प्युटरमधून निघाला. 1,709.40 चे 1,554 झाले. वाचलेल्या 155 रुपयांत इतवारीत किलोभर ताजे दाणे येतात, हे मी त्याला सांगितलं. त्याला त्यात काय सांगायचंय ते कळलं नाही.

हे लिहिता लिहिता फोनमधले जुने बिलांचे फोटो काढून बघितले. तिन्ही बिलांत सर्व्हिस चार्ज आहे! नोव्हेंबरच्या बिलातसुद्धा, ज्या दिवशी मी खूश होऊन वर पन्नास रुपये टिपही ठेवली. म्हणजे सुरुवातीला चांगले होते आणि नंतर बिघडले, हे वर लिहिलेलं अर्धंच खरं. स्वयंपाक नंतर बिघडला. बिल पहिल्यापासूनच तसं होतं, मीच वाचलं नव्हतं. वरचं मुद्दाम खोडत नाही.

आई घरी येऊन पिठलं-भात जेवली.

आता अडचण एवढीच की त्यांचं शिक्क्यांचं कार्ड माझ्याकडे आहे. चार शिक्के झालेत, पाचव्या खेपेला 'ते तारिक' फुकट, मुदत 31 डिसेंबर. जाईन बहुतेक. चहात दाणे नसतात.