सायमागोचा हिरवा चौकोन बघून पेपर पाठवताय? आधी हे वाचा

मी तालुक्याच्या गावातल्या सीनियर कॉलेजात बॉटनी शिकवते, आमच्या लायब्ररीत स्कोपस किंवा वेब ऑफ सायन्स या जर्नल्सची नोंद ठेवणाऱ्या डेटाबेसचं सबस्क्रिप्शन नाही आणि पुढच्या काही वर्षांत येईल असंही वाटत नाही, त्यामुळे कुठल्या जर्नलला पेपर पाठवायचा हे ठरवताना माझा सगळा भार सायमागो या जर्नल्सची क्रमवारी दाखवणाऱ्या वेबसाइटवर असतो. फुकट आहे, लॉगिन नाही, मोबाईलवर पण चालते. गेली चार वर्षं मी ती सतत वापरतेय, म्हणून हा रिव्ह्यू मनापासून लिहितेय, विशेषतः पीएचडी करणाऱ्या मुलामुलींसाठी.

आधी माझं काय झालं ते सांगते. कॅसची, म्हणजे प्रमोशनची फाईल भरायची होती आणि एक पेपर कमी पडत होता. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर मेसेज आला, स्कोपस इंडेक्स्ड जर्नल, आठ दिवसांत पब्लिकेशन, फी साडेचार हजार. त्या जर्नलच्या पानावर सायमागोचा बॅज होता, छान हिरवा, क्यू वन म्हणजे सगळ्यात वरचा गट असं लिहिलेला. मी पैसे भरले, सर्टिफिकेटसुद्धा आलं. स्क्रुटिनीच्या वेळी एका सरांनी त्या बॅजवर क्लिक केलं आणि काहीच उघडलं नाही, कारण तो नुसता फोटो होता, खरा बॅज दाबला की सायमागोवरचं त्या जर्नलचं पान उघडतं. मग आयएसएसएन, म्हणजे जर्नलचा ओळख नंबर, टाकून शोधलं तर त्या नंबरचं खरं जर्नल वेगळ्याच देशातलं निघालं, नाव तेच, वेबसाइट वेगळी. पेपर बाद झाला. दोन पावसाळे हिंडून गोळा केलेला डेटा होता त्यात, आणि एकदा छापला गेल्यावर तो दुसरीकडे देताही येईना. त्या दिवसापासून मी सायमागो नीट वाचायला शिकले.

आता ती आहे काय. डेटा सगळा एल्सव्हियर या प्रकाशन कंपनीच्या स्कोपसचा, त्यावर स्पेनमधल्या संशोधकांच्या गटाने काढलेला आकडा म्हणजे एसजेआर. मागच्या तीन वर्षांतल्या पेपर्सना यंदा किती सायटेशन, म्हणजे दुसऱ्या पेपर्समधून दिलेले संदर्भ, मिळाली ते बघतात, पण सगळी सायटेशन सारखी धरत नाहीत, वजनदार जर्नलने सायटेशन दिलं तर त्याला जास्त किंमत, गूगलचं सर्च जसं लिंक मोजतं साधारण तसंच. इम्पॅक्ट फॅक्टर हा जर्नलचा दुसरा आकडा वेगळा, तो क्लॅरिव्हेट कंपनीचा, दोन वर्षांच्या पेपर्सवर काढतात आणि तिथे कोणी साइट केलं याला वजन नसतं. आपल्याकडे हे दोन्ही सर्रास एक धरले जातात, अगदी इंटरव्ह्यूला बसलेले लोकसुद्धा धरतात.

मला सगळ्यात उपयोगी वाटतो तो क्वार्टाइलचा तक्ता. एका विषयातली सगळी जर्नल्स एसजेआरप्रमाणे लावून चार भाग करतात, हिरवा क्यू वन, पिवळा क्यू टू, केशरी क्यू थ्री, लाल क्यू फोर. मॅथ्समध्ये सायटेशन मुळात कमी आणि हळूहळू येतात, सेल बायॉलॉजीत धो धो येतात, त्यामुळे नुसते आकडे शेजारी ठेवून काही कळत नाही, विषयाच्या आत तुलना केली तरच कळतं. पण गंमत अशी की एकच जर्नल दोन-तीन विषयांत असतं आणि प्रत्येक ठिकाणी रंग वेगळा. मी एकदा प्लँट सायन्ससाठी जर्नल बघत होते, बॅजवर क्यू वन, आत तक्त्यात बघितलं तर तो क्यू वन दुसऱ्याच विषयातला होता आणि प्लँट सायन्समध्ये क्यू थ्री. बॅजवर जर्नलचा सगळ्यात चांगला क्वार्टाइल दिसतो हे तोपर्यंत मला माहीतच नव्हतं. क्यू थ्री म्हणजे वाईट असं अजिबात नाही, पण आपल्याला काय मिळतंय ते कळायला हवं ना.

रंगाच्या खाली ग्राफ असतात, ते बहुतेक लोक बघतच नाहीत आणि खरी माहिती तिथेच आहे. टोटल डॉक्युमेंट्सचा ग्राफ उघडा. वर्षाला दोनशे पेपर छापणारं जर्नल एकदम दोन हजारांवर गेलं असेल तर तिथे रिव्ह्यू कोण करतंय हा प्रश्न पडलाच पाहिजे. हिंदावी या प्रकाशन संस्थेची गोष्ट आठवा, स्पेशल इश्यूंच्या नावाखाली पेपर वाढत गेले आणि 2023 मध्ये आठ हजारांच्या वर पेपर मागे घ्यावे लागले. दुसरं म्हणजे सेल्फ सायटेशनची रेघ, ती एकूण सायटेशनच्या रेघेला जवळजवळ चिकटून चालली असेल तर जर्नल स्वतःच स्वतःला साइट करतंय. आणि कव्हरेजची, म्हणजे जर्नल स्कोपसमध्ये असण्याची, वर्षं नक्की बघा, स्कोपसने काढून टाकलेलं जर्नल सायमागोवर जुन्या रंगासकट दिसत राहतं. सायमागोचा आकडा वर्षातून एकदाच बदलतो, म्हणून स्कोपसच्या सोर्सेस पानावर, जे पण फुकट आहे, एकदा खात्री करायचीच.

कमी पडते कुठे, तर मराठीतून लिहिणाऱ्यांना. भाषा, लोकसाहित्य, स्थानिक इतिहास यातल्या आपल्या नियतकालिकांसाठी तिथे हाताला फारसं काही लागत नाही. त्यांना यूजीसी केअर या मान्य जर्नल्सच्या यादीचा आधार होता, ती 2025 च्या फेब्रुवारीत बंद झाली आणि आता जर्नल पारखायची जबाबदारी कॉलेज-विद्यापीठांवर आलीय. केअरच्या आधीच्या यादीचं काय झालं होतं तेही आपण बघितलंय, मे 2018 मध्ये यूजीसीने एका फटक्यात 4,305 जर्नल्स काढली होती. म्हणजे यादीत नाव आहे एवढ्यावर कधीच भागलं नाही.

मी पाचपैकी चार स्टार देते. एक कापला तो मराठीसाठी आणि त्या बॅजसाठी, कारण त्यावर विषयाचं नाव बारीक असतं आणि घाईत नजर आधी रंगावरच जाते.

सध्या माझा एक पेपर प्लँट सायन्समधल्या क्यू टू जर्नलकडे आहे. पाठवायच्या आधी त्यांचे मागच्या दोन वर्षांचे अंक चाळले, आमच्यासारखं सह्याद्रीतल्या वनस्पतींवरचं काम तिथे आधी आलंय हे बघितलं, मगच पाठवला. पाच महिन्यांनी उत्तर आलं, दोन रिव्ह्यूअर, साडेतीन पानं शंका, त्यातली एक तर हर्बेरियम शीटच्या, म्हणजे वाळवून जपलेल्या वनस्पतीच्या नमुन्याच्या, नंबरबद्दल. कोणीतरी माझा पेपर ओळ न ओळ वाचला होता. परवापासून त्या शंकांची उत्तरं लिहायला बसलेय.