गुडघ्यातली इंजेक्शनं: दोन प्रकार घेऊन झाले, तिसऱ्याला नको म्हटलं

उजवा गुडघा चार वर्षं कुरकुरतोय. एक्सरेत गादी झिजलेली दिसते, जिना चढताना एवढं नाही पण उतरताना देव आठवतात. गोळ्या खाऊन खाऊन पोटात जळजळ व्हायला लागली तेव्हा डॉक्टर म्हणाले इंजेक्शन देऊन बघू.

पहिलं स्टिरॉइडचं. आधी गुडघ्यात साचलेलं पाणी सुईने काढलं, मग तिथेच ४० मिलिग्रॅम औषध सोडलं. सुई बघून घाम फुटला खरा, पण दुखलं म्हणाल तर रक्त काढताना दुखतं त्याच्यापेक्षा थोडं जास्त, बस. त्या रात्री मात्र गुडघा असा काही ठणकला की वाटलं झालं, आता हा गुडघा कामातून गेला! नंतर कळलं की काहींना एक-दोन दिवस होतं असं, बर्फाने शेकायचं. (ताप आला, गुडघा लाल आणि गरम झाला तर मात्र वाट बघत थांबायचं नाही, लगेच डॉक्टर गाठायचा, आत जंतू गेलेले असू शकतात, क्वचितच होतं पण झालं तर अंगाशी येतं.) चौथ्या दिवशी जिना उतरलो आणि खाली पोचल्यावर लक्षात आलं की कठडा धरलाच नव्हता.

माझी खरी तक्रार शुगरची. डायबेटीस आहे हे फॉर्मवर लिहून दिलं होतं तरी या इंजेक्शनने काही दिवस शुगर वर जाते हे एका शब्दाने कोणी बोललं नाही, दुसऱ्या दिवशी मीटरवर २८० बघून मी मीटरच खराब समजत होतो. याचा एक स्टार कापला.

आराम टिकला साधारण नऊ आठवडे. मग मी लगेच दुसरं मागितलं तर डॉक्टरांनी आवरलं, आणि बरोबरच होतं त्यांचं. २०१७ साली एक अमेरिकन ट्रायल (म्हणजे पेशंटवर घेतलेली औषधाची चाचणी) छापून आली, त्यात १४० जणांपैकी काहींना दर १२ आठवड्यांनी स्टिरॉइड आणि बाकीच्यांना नुसतं सलाइन (मिठाचं पाणी) टोचून, असं दोन वर्षं दिलं, शेवटी दुखणं दोन्हीकडे सारखंच आणि स्टिरॉइडवाल्यांची गादी उलट जास्त झिजलेली. अजून एक, गुडघा बदलायचं ऑपरेशन ठरत असेल तर डॉक्टरांना इंजेक्शनची तारीख सांगा, मधे निदान तीन महिने जाऊ देतात, इन्फेक्शनच्या भीतीने.

दुसरं जेलचं, म्हणजे हायल्युरॉनिक ॲसिड. 'वंगण घालतो' असं सांगतात आणि ऐकायला इतकं पटतं ना, मशीनला तेल घातल्यासारखं, की मी दुसरा प्रश्नच विचारला नाही. आठवड्याला एक अशी तीन घेतली. काही ब्रँडचं जेल कोंबड्याच्या तुऱ्यापासून काढतात हे मात्र मजेशीर वाटलं (अंड्याची ॲलर्जी असेल तर आधी सांगा). फरक? शून्य नाही म्हणणार, पण घरचे विचारायचे कसंय आणि मला विचार करून उत्तर द्यावं लागायचं, यातच आलं सगळं. नंतर वाचलं की २०२२ मध्ये बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय मासिकात बऱ्याच ट्रायल एकत्र करून बघितल्या तर खोट्या इंजेक्शनपेक्षा याचा फायदा अगदीच किरकोळ निघाला. स्टिरॉइडच्या कितीतरी पट महाग. दोन स्टार, तेही टोचणाऱ्याचा हात हलका होता म्हणून.

मग एके ठिकाणी पीआरपीचा आग्रह झाला. आपलंच रक्त काढून, फिरवून, त्यातला प्लेटलेटवाला भाग गुडघ्यात टोचतात, 'गादी परत तयार होईल' म्हणे. तोवर मी शहाणा झालो होतो. २०२१ च्या ऑस्ट्रेलियातल्या ट्रायलमध्ये २८८ जण होते, वर्षभराने दुखण्यात आणि गादीत सलाइनपेक्षा काही खास फरक दिसला नव्हता. कोणाला गुण येतही असेल, मी नको म्हटलं.

तरी स्टिरॉइडला चार स्टार देतोय ते त्या नऊ आठवड्यांसाठी. दुखत नव्हतं म्हणून फिजिओने मांडीचे व्यायाम करून घेतले, जे आधी दोन मिनिटं जमायचे नाहीत, आणि चालणं वाढल्यावर पाच किलो वजन उतरलं. इंजेक्शन उतरून बरेच महिने झाले, व्यायाम चालूय, जिना उतरताना देव आठवतात पण सगळे नाही, एखाददुसराच.